ठासणीच्या रायफलीची चिंधी आणि तिचं वंगण: वाचकांचे प्रश्न

पावसाळा जवळ आला की गोळीभोवतीच्या चिंधीच्या वंगणाबद्दल तेच ते प्रश्न येतात. निवडक उत्तरं देत आहे.

वंगण फ्रिजमध्ये ठेवलं तर चालेल का? (निपाणी)
चालेल. बाहेर काढल्यावर डबी खोलीइतकी कोमट होईपर्यंत झाकण उघडू नका, आत दव धरतं.

घरच्या करडई तेलात मेण घातलं. दोन महिन्यांत वर चिकट साय आली. (चिकोडी)
करडईचं तेल हवेत सुकतं, ती साय त्याचीच. टाकून द्या. जवसाचं तर मुळीच नको. त्यात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेटतो. एरंडेल सुकत नाही. एक भाग मधमाश्यांचं मेण, तीन भाग एरंडेल, गरम पाण्यातल्या भांड्यात वितळवा. थेट जाळावर नको, बंदुकीच्या दारूजवळ तर नकोच. उन्हात पातळ झालं तर मेण थोडं वाढवा.

मेण घातलं की बकऱ्याची चरबी नासत नाही म्हणतात. मग बुरशी का आली? (जांबोटी)
ऐकीव गोष्ट. बुरशी चरबीत राहिलेल्या पाण्यामुळे येते. लोणी कढवतो तशी मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत कढवा, मग गाळा. मीठ अजिबात नको, नळी गंजते. तांब्या-पितळेच्या डबीत चरबी लवकर खवट होते. काचेच्या लहान बरण्या काठोकाठ भरून अंधारात ठेवा. खवट वास आला की टाकाच.

दुकानदार म्हणतो, त्याचं वंगण दहा वर्षं टिकतं. घ्यावं का? (खानापूर)
आधी घटक विचारा. पॅराफिन किंवा मोटारीचं ग्रीस असेल तर नको. काळ्या दारूच्या काजळीशी मिसळून त्याचा डांबरासारखा थर बसतो, पुढची गोळी निम्म्यातच अडकते. घटक सांगत नसेल तर परवानाधारक बंदूक-कारागिराला दाखवा.

रानडुकरं येतात म्हणून बार भरूनच ठेवतो. वंगणाची चिंधी दारू कोरडी ठेवते ना? (खानापूर तालुका)
नाही. उलट तीच दारू बिघडवते. नळी उभी असली की वंगण हळूहळू खाली झिरपतं, उन्हाळ्यात लवकरच. दारूचा वरचा थर तेलकट होतो, खानापूरच्या पावसात ओल वरून वेगळी. मग बार फुसका जातो, नाहीतर चाप ओढल्यावर क्षणभर थांबून उडतो. हे थांबणंच घातक. न उडालेली बंदूक लगेच खाली घेऊन नळीच्या तोंडाकडे पाहणं जिवावर बेततं. तोंड मोकळ्या बाजूला धरून निदान एक मिनिट थांबा. भरलेली बंदूक घरात उभी असताना मुलाबाळांचा धोका वेगळाच, आणि परवान्याच्या अटी तपासून घ्या. वंगण डबीत ठेवा, चिंधी वेगळी, सुती आणि कोरडी. वंगण बार भरतानाच लावा. आत्ता भरलेली असेल तर गजाने उकरू नका, परवानाधारक कारागिराला निरोप पाठवून विचारा. तो येईपर्यंत घोड्याखालची ठिणगीची टोपी काढून तोंड सुरक्षित दिशेला ठेवा.