तेल सोडलं, तरी चरबी कुठून येते?

प्रश्न : काही महिने तेलकट जवळपास बंद आहे, तरी वजन वाढलंच. खाल्लीच नाही ती चरबी अंगावर आली कुठून?

दोन वाटांनी. पहिली वाट यकृताची. पिष्टमय पदार्थांतून आलेलं ग्लुकोज आधी ग्लायकोजेनच्या रूपात साठवलं जातं, पण ही जागा तोकडी आहे : यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. ती भरली, की यकृत उरलेल्या ग्लुकोजचे दोन-दोन कार्बनचे तुकडे करतं आणि ते जोडत जोडत १६ कार्बनचं पामिटिक आम्ल तयार करतं. अशी तीन मेदाम्लं एका ग्लिसरॉलला चिकटली, की झालं ट्रायग्लिसराइड. चरबी म्हणतात ती हीच. या कामाला जोर येतो इन्सुलिनमुळे.

पण सगळं खापर साखरेवर फोडू नका. रोजच्या मिश्र आहारात माणसाचं शरीर साखरेपासून फार थोडी चरबी बनवतं. खरी मेख दुसऱ्या वाटेत आहे. पिष्टमय पदार्थ भरपूर मिळाले, की शरीर इंधन म्हणून आधी तेच जाळतं आणि त्या दिवशी पोटात गेलेली चरबी शिलकीत पडते. तेलाची बाटली कपाटात राहिली, तरी दूध, दाणे, बिस्किटं यांतून चरबी येतच असते. ती शून्यावर आणायच्या फंदातही पडू नका. लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मेदाम्लं शरीराला बनवता येत नाहीत, ती खावीच लागतात.

प्रश्न : खाल्लेलं तेल थेट पोटावर जाऊन बसतं का?

थेट काहीच बसत नाही. पित्तामुळे तेलाचे बारीक थेंब होतात, स्वादुपिंडातून आलेलं लायपेज हे विकर ते तोडतं. आतड्याच्या पेशी ते तुकडे पुन्हा जोडतात, वर प्रथिनांचं वेष्टण चढवतात आणि हे कण लसिकेच्या वाटेनं रक्तात उतरतात. भरपेट स्निग्ध जेवणानंतर काही तासांनी काढलेल्या रक्ताचा द्रव दुधाळ दिसतो, तो यांच्यामुळेच. मेदपेशीच्या दाराशी पुन्हा तोडणं, आत गेल्यावर पुन्हा जोडणं. एवढा खटाटोप का? अख्खं ट्रायग्लिसराइड पेशीच्या पटलातून आत शिरत नाही म्हणून. भरलेली मेदपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखी असते : मधोमध चरबीचा एकच टपोरा थेंब आणि केंद्रक बिचारं कडेला चेपलेलं.

प्रश्न : वजन उतरलं की मेदपेशी नष्ट होतात का?

नाही, आकसतात. प्रौढ वयात त्यांची संख्या जवळपास स्थिर असते. दर वर्षी सुमारे १० टक्के मरतात आणि तितक्याच नव्या येतात, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

प्रश्न : पोटाचे व्यायाम केले तर पोटाचीच चरबी जाते?

नाही. स्नायू बळकट होतील, पण चरबी कुठून काढायची हे शरीर ठरवतं.

प्रश्न : मग चरबी जाते कुठे? घामातून?

बरीचशी श्वासातून. १० किलो चरबी पूर्ण जळली, तर सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. म्हणून भराभर श्वास घेत बसू नका, त्यानं फक्त गरगरेल. चरबी जळते ती शरीराला ऊर्जा लागते तेव्हा. आणि तासभर घाम गाळून काट्यावर जी घट दिसते, ती बहुतेक पाण्याची असते. पोटभर पाणी प्यायलात, की भरून निघते.