मनगटाचे हाड जुळत नसेल, तर कमरेचे हाड बसवून घ्यावे का?

मनगटातील स्कॅफॉइड हाड आठ महिन्यांनंतरही जुळलेले नाही आणि डॉक्टर कमरेचे हाड काढून तेथे बसवायला सांगतात. दुखणे सहन होत असताना ही शस्त्रक्रिया करावी का, असे आपण विचारले आहे. मी ती करून घेतली आहे, आणि माझ्या मते आपण थांबू नये.

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी पावसाळ्यात धुऱ्यावरून घसरून मी तळहातावर पडलो. पहिल्या एक्स-रेत काहीच दिसले नाही, म्हणून मुरगळले असे समजून मी हात चोळून घेतला आणि निंदणाला लागलो. या हाडाची चीर सुरुवातीला एक्स-रेत दिसतेच असे नाही. अंगठ्याच्या मुळाशी पडणाऱ्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर हात बांधून ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा असतो. तो मी काढला नाही.

या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या बाजूने मिळते आणि तेथून ते मागे कोपराच्या दिशेने जाते, त्यामुळे हाड मधोमध मोडले की मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. शस्त्रक्रियेत फटीतील निकामी ऊती खरवडून काढतात, तेथे कमरेचे किंवा मनगटाजवळचेच हाड भरतात आणि स्क्रूने सर्व घट्ट बसवतात. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधावा तसे हे कलम असेल, असे मला वाटत होते. पण डोळा स्वतः जिवंत राहून फुटतो, तर बसवलेल्या हाडातील बहुतेक पेशी मरतात आणि त्याच्या जाळीत शेजारच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या शिरून नवे हाड तयार होते. म्हणून मागचा तुकडा निर्जीव झाला असल्यास काही वेळा रक्तवाहिनीसकट हाड बसवावे लागते. आपला तुकडा जिवंत आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

न जुळलेले हाड तसेच ठेवल्यास काही वर्षांत मनगटाचा सांधा झिजतो, आणि एकदा तो झिजला की केवळ हाड भरून उपयोग होत नाही. दुखणे कमी आहे, यावरून आत झीज नाही असे समजू नये.

खर्रा, बिडी किंवा कोणत्याही रूपातील तंबाखू आपण घेत असाल, तर ती आजच सोडा, ही माझी कळकळीची विनंती आहे. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड न जुळण्याचा धोका वाढतो. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, ते योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारावे.

पहिला आठवडा मला मनगटापेक्षा कमरेच्या जखमेनेच जास्त त्रास दिला. प्लास्टर दहा आठवडे होते आणि सीटी स्कॅनमध्ये हाड जुळल्याचे दिसेपर्यंत डॉक्टरांनी वजन उचलू दिले नाही, त्यामुळे त्या हंगामात डवरणीला माणूस लावावा लागला. मनगट अजूनही पूर्ण मागे वळत नाही, परंतु विळा धरता येतो आणि भरलेली बादली त्याच हाताने उचलता येते.