‘नॉटिंगहॅम’चा ‘स’ कुठे गेला?

प्रश्न : मुलगी नॉटिंगहॅमला शिकते. या नावातला ‘नॉट’ म्हणजे दोरीची गाठ का? आणि ‘हॅम’ म्हणजे काय?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : गाठीचा काही संबंध नाही. आजच्या स्पेलिंगवरून अर्थ लावायला गेलं की हमखास फसगत होते. आधी सर्वांत जुनी नोंद शोधायची. अँग्लो-सॅक्सन बखरीत (जुन्या इंग्रजीतल्या वर्षवार इतिहासात) 868 सालच्या हकिकतीत हे गाव ‘स्नोटेंगाहाम’ आहे, 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जमीन-मालमत्तेच्या सरकारी नोंदवहीत, ‘स्नोटिंगेहाम’. फोड अशी : ‘स्नोट’ हे माणसाचं नाव, ‘इंगा’ म्हणजे त्याच्या गोतावळ्याचं, ‘हाम’ म्हणजे वस्ती. आपल्या ‘पूर’सारखंच. 1066 मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या, नॉर्मन फ्रेंच बोलणाऱ्यांना सुरुवातीचा ‘स्न’ जड जायचा, म्हणून ‘स’ गळाला. (इंग्रजीत ‘स्नॉट’ म्हणजे शेंबूड, तेव्हा गळाला ते बरंच झालं!) शेजारच्या स्नेंटन या वस्तीने मात्र आपल्या नावातला ‘स’ राखला.

‘हॅम’ दिसलं की दरवेळी वस्ती समजू नका. ‘हाम्म’ हा वेगळा शब्द, अर्थ नदीच्या वळणातली जमीन. जुन्या लेखात ‘हाम्मे’ असा दुहेरी ‘म’ असेल तर तो हाच. बकिंगहॅम हे त्याचं उदाहरण. ते ग्रेट ऊज नदीच्या वळणावरच आहे.