शंभरावा चिंचोका

सलाम. या महिन्यात पत्रं बरीच आली. त्यातली चार घेतली आहेत, सगळ्यांचा सूर एकच: आपल्या माणसांना, शेजाऱ्यांना, पोरांना येशूची सुवार्ता सांगायची कशी? हे चर्चच्या पाळकसाहेबांना विचारा असं मी संपादकांना म्हटलं. ते म्हणाले, "पाळकसाहेब उपदेश करतील, तुम्ही उत्तर द्या." अडतीस वर्षं शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधली मुलांची रविवारची शाळा घेतली, आधी नगरजवळच्या एका खेड्यात, मग शहरात. शिकवलं त्याहून चुकले जास्त. तेवढंच माझं भांडवल.

माझा नातू सहा वर्षांचा आहे, पुण्यात इंग्रजी शाळेत जातो. सुट्टीत महिनाभर माझ्याकडे असतो. रोज रात्री मी त्याला बायबल वाचून दाखवते, तर तो म्हणतो, "आजी, हे कुठलं मराठी? मोबाईल दे." सून म्हणते जबरदस्ती करू नका. मी काय करू?
*– एक आजी, श्रीरामपूर*

ताई, पोराचं काही चुकलेलं नाही. आपल्या घराघरांत जे काळ्या पुठ्ठ्याचं जाड बायबल असतं, त्यातली भाषा तुमच्या-माझ्या कानाला गोड लागते, कारण आपण पाळण्यात असल्यापासून ती ऐकली. त्याला 'भीडस्तपणा' कुठून कळावा? पंडिता रमाबाईंना हेच खटकलं होतं. केडगावच्या मुक्तीसदनात राहणाऱ्या साध्या बायकांना वाचून कळेल असं बायबल हवं, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ साली देवाघरी जाईपर्यंत त्याच कामात होत्या. एवढ्या मोठ्या विदुषीला भाषा सोपी करावीशी वाटली, तर आपण नातवासाठी पुस्तक मिटून नुसती गोष्ट सांगायला काय हरकत आहे?

चिंचोके घ्या. तुमच्याकडे असतीलच. बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातला हरवलेल्या मेंढराचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली गोष्ट, त्याच्याबरोबर खेळा. शंभर चिंचोके त्यालाच मोजायला लावा, दहाच्या दहा ओळी. ही मेंढरं, आणि तू मेंढपाळ. तो पाणी प्यायला उठला की एक हळूच पदराखाली घाला आणि 'संध्याकाळ झाली, मेंढरं मोज' म्हणा. नव्याण्णव भरतील. तो पुन्हा मोजेल. मग तुमच्याकडे संशयानं बघेल.

इथं घाई करू नका. त्याला कॉटखाली शोधू द्या, उशी उलटी करू द्या. "जाऊ दे रे, नव्याण्णव आहेत की," असंही एकदा म्हणून बघा. माझा अनुभव असा की एकही पोर 'बरं' म्हणत नाही. बहुतेक आज्या नेमक्या इथं घसरतात. "असाच येशू आपल्याला शोधतो हं," असं लगेच म्हणून टाकतात, आणि खेळाचा पाठ होतो, पोर मोबाईल मागतं. थांबा. चिंचोका सापडू द्या, त्याच्याबरोबर ओरडा. दाखल्यातला मेंढपाळ मेंढरू सापडल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतो ना? मग वाटीत गूळ-शेंगदाणे घालून त्याला शेजारी पाठवा. कशाबद्दल, हे त्यानंच सांगायचं. त्याच्या मराठीत, इंग्रजी घालून, कसंही. मेंढपाळ कोण हे तो दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारेल. नाही विचारलं तर पुढच्या सुट्टीत.

हे मला कुणी शिकवलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी फ्लॅनेलच्या बोर्डावर कागदी मेंढरं चिकटवून हाच दाखला सांगायचे. एका रविवारी एक मेंढरू खरोखरच सापडेना. मी चिडले, कारण रात्र जागून कापली होती. सगळ्या वर्गानं सतरंज्या झटकल्या, बाकं सरकवली, आणि ते निघालं एका मुलाच्या चड्डीला मागून चिकटलेलं. त्या दिवशी माझा पाठ काही झाला नाही. तो मुलगा आता एसटीत ड्रायव्हर आहे. मला बसमध्ये बघितलं की मोठ्यानं म्हणतो, "बाई, मेंढरू माझ्याकडंच होतं!" सगळी बस वळून बघते.

सुनेचं ऐका. रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे, आणि ती घरात असेल तेव्हा तिच्यासमोर.

आणखी एक. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की बांधाच्या वादावरून जाऊबाईंशी सहा वर्षं बोलणं नाही. नातू सहा वर्षांचा आहे. म्हणजे त्यानं तुम्हा दोघींना बोलताना जन्मापासून पाहिलेलं नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलानं त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याच्या आजीचं नाव मुद्दाम लिहून ठेवलंय, लोईस. तिनं काय शिकवलं ते नाही सांगितलं, तिच्यात विश्वास होता एवढंच सांगितलं. आता गूळ-शेंगदाण्याची पहिली वाटी कुणाच्या घरी पाठवायची, ते तुम्ही ठरवा.

मी बावीस वर्षांचा आहे, चाकणला कंपनीत आहे. खोलीत आम्ही चौघं, मी एकटाच ख्रिस्ती. नाताळला एकानं विचारलं, "तुम्ही कधी बाटलात?" मी हसून विषय बदलला. तेव्हापासून रविवारी चर्चला जाताना "मित्राकडे जातो" असं सांगतो. साक्ष द्यायची, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्यांना सांगायचा, असं चर्चच्या तरुण संघात शिकवतात. मला तर माझंच सांगता येत नाही.
*– एक तरुण*

बाळा, आधी रविवारचं खोटं बंद कर. साक्षीचं नंतर बघू.

त्या मुलानं जो शब्द वापरला तो आपल्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलाय. मीही शाळेत ऐकलाय, शिक्षकाच्या तोंडून. राग येतो, पण प्रश्न खरा आहे, आणि त्याला खरं उत्तर आहे. घरी जाऊन आजोबांना विचार. नगरला अमेरिकन मिशनरी १८३१ मध्ये आले, पण आपल्यातली पुष्कळ घराणी त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या आगेमागे ख्रिस्ती झाली. बहुतेक महारवाड्यातली, मांगवाड्यातली. आमच्या पणजोबांचंही तसंच. लोक म्हणतात, धान्यासाठी गेले. गेले असतील. पोरं उपाशी असताना जिथं धान्य मिळतं तिथं बाप जातो. पण दुष्काळ सरला, धान्य थांबलं, तरी ते परत गेले नाहीत. रात्रीच्या शाळेत अक्षरं गिरवत बसले, हे पण सांग. आणि ज्या माणसाला गावच्या विहिरीची पायरी चढू देत नव्हते, त्याला बाटवणार कोण आणि कशानं, एवढं त्या मित्राला शांतपणे विचार. भांडण्यासाठी नको. त्याला कदाचित खरंच माहीत नसेल.

आपल्या लोकांची एक खोड आहे. असा प्रश्न आला की लगेच नारायण वामन टिळकांना पुढं करायचं: बघा, चित्पावन ब्राह्मण, कवी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला! टिळक मोठेच. त्यांनी ख्रिस्त अभंगात आणला, कीर्तनात आणला, त्यांच्यामुळं आपण आपल्या भाषेत रडू आणि गाऊ लागलो. पण तुझ्या पणजोबांची लाज झाकायला त्यांचं उपरणं वापरू नकोस. तुझी साक्ष तुझ्या घरातून सुरू होते.

येशूचा शिष्य पेत्र बायबलमध्ये लिहितो की तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेनं आणि भीडस्तपणानं. (हाच तो शब्द!) विचारील त्याला, हे नीट वाच. खोलीत फ्रिजवर बायबलच्या वचनांचे कागद चिकटवू नकोस, मित्राच्या गणपतीवर शेरे मारू नकोस, आरतीला सगळे उभे असताना तोंड पाडून बसू नकोस. तुझ्या वाटणीची भांडी घासून ठेव. कुणाला ताप आला की दवाखान्यात घेऊन जा आणि "तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" असं विचार. नको म्हणाला तर मनात कर. पुढच्या नाताळला आईकडून करंज्या-शंकरपाळ्यांचा मोठा डबा आण, आणि त्यांनी विचारलं तर येशूच्या जन्माची, गव्हाणीची गोष्ट सांग. पाच मिनिटांत. पाचच.

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) उन्हाळी बायबल शाळेत यंदा वस्तीतली इतर धर्मांचीही वीस-पंचवीस मुलं येणार आहेत. शेवटच्या दिवशी "येशूला कोण स्वीकारतं?" म्हणून हात वर करायला लावतात. करावं का?
*– एक शिक्षिका, जालना*

करू नये. मी केलंय, म्हणून सांगते. सात वर्षांचं पोर हात वर करतं कारण शेजारच्या पोरानं केला, आणि नंतर आइस्क्रीम आहे हे त्याला माहीत असतं. एकदा आमच्याकडे अडतीस हात वर झाले. मी वहीत आकडा लिहिला, कमिटीला सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका मुलीची आई दारात उभी. भांडली नाही. "बाई, मला आधी सांगायचं होतं," एवढंच म्हणाली. तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

शाळा सुरू होण्याआधी घरोघरी जा. काय गाणी, कुठल्या गोष्टी, किती वाजता, चहा-बिस्किट काय, सगळं आईबापांना सांगा. येऊन बसा म्हणा. 'नको' म्हणतील त्यांच्याशी पुढंही तसंच हसून बोला. राज्यघटनेच्या २५ व्या कलमानं आपल्याला धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. त्यात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क मात्र येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली सांगितलं. आपल्या सभांमधून पहिला अर्धा भाग फार ऐकू येतो. आणि बक्षिसं सगळ्यांना सारखी द्या, वचन पाठ असो वा नसो. वचन चुकलं म्हणून मी एकदा एका मुलाला सगळ्यांसमोर खाली बसवलं. तो पुन्हा आला नाही. आमचाच होता, मंडळीतला.

मी ८१ वर्षांचा आहे. दिसत नाही, गुडघ्यांमुळे देवळात (चर्चला) जाता येत नाही. प्रभूच्या कामाला आता माझा काय उपयोग?
*– एक वाचक, सोलापूर (नातीच्या हस्ताक्षरात)*

अण्णा, तुम्हाला जुन्या भजनांच्या चाली येतात का? आपल्या गीतांच्या पुस्तकात शब्द आहेत, वर 'चाल' म्हणून एक ओळ छापलेली असते, पण ती चाल नव्या पोरांपैकी कुणाला येत नाही. गिटारवाले त्यांची चाल लावतात. ती वाईट नसते, पण जुनी विसरली जाते. जिनं हे पत्र लिहून दिलं त्या नातीला शेजारी बसवा, मोबाईलवर रेकॉर्ड करायला सांगा. आधी भजन कुणाकडून शिकलात ते सांगा, मग म्हणा. आवाज फाटला तरी चालेल. खोकला आला तर तोही राहू द्या. आठवड्याला एक. आणि तिला तुमच्याबरोबर म्हणायला लावा, नुसतं बटण दाबायला नको.

पहिलं झालं की माझ्याकडे पाठवा. मलाही दोन चाली अर्ध्याच आठवतात.