एसएसएच चालतं, मग आयड्रॅकचं लायसन्स कशाला?

कारखान्याचा सर्व्हर गोव्यात वेर्ण्याला, तुम्ही दूर पेडण्याला, एसएसएच (दुरून मशीनवर आज्ञा टाइप करायची सोय) नीट चालतंय. तरी आयड्रॅकच्या (डेल सर्व्हरमधल्या दूरनियंत्रणाच्या सोयीच्या) एंटरप्राइझ लायसन्ससाठी मालकांकडे पैसे मागावेत का, असं तुम्ही विचारलंय. मागा, आणि पावसाआधी मागा.

एसएसएच ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत चालतं. मशीन पूर्ण उठलं, नेटवर्क लागलं, की मगच ते उत्तर देतं. खरी अडचण येते ती त्याआधी. जून-जुलैत आपल्याकडे वीज कशी ये-जा करते हे तुम्हाला सांगायला नको. यूपीएस संपला, सर्व्हर पडला, वीज आल्यावर पंखे फिरायला लागले आणि स्क्रीनवर एकच ओळ येऊन थांबली: पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. कारण काय, तर मदरबोर्डवरचा सेल उतरलाय. किंवा फाइल सिस्टिमची तपासणी मध्येच अडून रूटचा, म्हणजे मुख्य युजरचा, पासवर्ड मागत बसलीय. घरून तुम्हाला एवढंच कळतं की पिंग जात नाही, म्हणजे मशीन हाकेला ओ देत नाही. मग वॉचमनला फोन करून कुठला दिवा लागलाय ते विचारा, नाहीतर रात्री झुआरी पूल ओलांडून वेर्णा गाठा. एक कळ दाबण्यासाठी. चतुर्थीच्या सुट्टीत तर आत सोडायलाही माणूस मिळणं कठीण.

आयड्रॅक म्हणजे त्याच बोर्डावरचा एक वेगळा छोटा संगणक. एचपीईच्या मशीनवर त्याला आयएलओ म्हणतात, सुपरमायक्रोवाले नुसतं आयपीएमआय म्हणतात. मुख्य मशीन बंद असलं तरी पॉवर केबलला वीज आहे तोवर तो जागा असतो. त्यामुळे बायॉसची (मशीन उठतानाच्या पहिल्या प्रोग्रामची) स्क्रीन घरी दिसते, एफ-वन घरूनच दाबता येतो, लॅपटॉपवरची आयएसओ फाइल (डिस्कची पूर्ण प्रत) सर्व्हरला डीव्हीडीसारखी जोडून दुरुस्तीसाठी बूट करता येते. डेलमध्ये ही स्क्रीन आणि ही आयएसओची सोय एंटरप्राइझ किंवा त्याहून वरच्या लायसन्सवरच मिळते. पैसे त्याचे आहेत.

मालक नाहीच म्हणाले तरी हात टेकू नका. मशीन बंद-चालू करणं त्या लायसन्सशिवायही जमतं, आणि मजकुरापुरता सिरियल कन्सोलही. बायॉसमध्ये कन्सोल रीडायरेक्शन (स्क्रीनवरचा मजकूर सिरियल पोर्टकडे वळवणं) चालू करा, लिनक्स असेल तर ते सुरू होताना वाचतं त्या कर्नलच्या ओळीत सिरियल पोर्ट ११५२०० वेगाने कन्सोल म्हणून द्या. मग आयड्रॅकवर एसएसएचने शिरून 'कन्सोल कॉम२' ही आज्ञा दिली की बूट होतानाच्या ओळी समोर येतात. बाहेर पडायला कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ. माझं बरंचसं काम या काळ्या खिडकीतच होतं. मोबाईलच्या कमजोर रेंजवरही ती चालते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आयड्रॅकला पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) देऊ नका, राउटरवर त्याचा पोर्ट उघडू नका, दोन दिवसांपुरताही नाही. अशा छोट्या संगणकांशी बोलायचा सामायिक नियम म्हणजे आयपीएमआय, आणि आयड्रॅकही तो बोलतो. त्याची २.० ही आवृत्ती २००४ सालची. त्याच्या लॉगिनच्या रीतीतच खोट आहे: युजरचं नाव बरोबर असलं की पासवर्ड तपासून होण्याआधीच समोरच्याला त्या पासवर्डवरून काढलेला हॅश (गणिती ठसा) मिळतो, आणि तो नेऊन निवांत फोडता येतो. फर्मवेअर अपडेट करून हे जात नाही, कारण मूळ नियमच तसा लिहिलाय. म्हणून आयड्रॅकमधलं आयपीएमआय ओव्हर लॅन, म्हणजे नेटवर्कवरून आयपीएमआय, बंद ठेवा. वर सांगितलेल्या एसएसएचच्या वाटेला त्याची गरज पडत नाही. मशीन जुनं असेल तर 'रूट' आणि 'कॅल्विन' ही मूळ जोडी अजून तशीच आहे का, ते आजच बघा. सगळ्या जगाला ती पाठ आहे. आयड्रॅक स्वतंत्र पोर्टवर आहे की ऑफिसच्या लॅनच्या पोर्टातच वाटेकरी आहे, हेही तपासा. स्वतंत्र पोर्ट, वेगळं व्हीलॅन (नेटवर्कचा अलग भाग), आणि आत यायला फक्त व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी कुलूपबंद खाजगी वाट).

तो व्हीपीएन कारखान्याच्या फायबरवरच असेल तर वादळात दोन्ही एकदम जातील. एक सिमवाला ४जी राउटर वेगळा ठेवा. सिमला सहसा स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, म्हणून जोडणी आतून बाहेर करायची: एखादा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) वायरगार्ड या व्हीपीएनने तुमच्या भाड्याच्या क्लाउड मशीनला जोडलेला ठेवा, कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा इशारा) २५ सेकंद. हा राउटर, तो पाय आणि मधला स्विच, तिन्ही यूपीएसवर हवेत. स्विच बऱ्याच ठिकाणी साध्या प्लगवर सापडतो.

सगळं लागलं की एखाद्या रविवारी घरून सर्व्हर पूर्ण बंद करा, पुन्हा चालू करा आणि बायॉसमध्ये शिरून दाखवा. शक्य असेल तर त्या वेळी मालकांना शेजारी बसवा.