डिझेल दाबून सोडणारा (इंजेक्शन) पंप दुरुस्त करून आणल्यापासून विहिरीवरचं डिझेल इंजिन ठोके देतंय. मिस्त्री म्हणतो बेअरिंग गेलं. टायमिंग (डिझेल नेमकं कधी पडतं ते) घरी तपासता येतं का?

येतं. आणि मिस्त्रीला बेअरिंगला हात लावू देऊ नका. पंप उतरवून परत बसवल्यावर आवाज सुरू झाला असेल, तर आधी पंपाखालच्या शिमा (पत्र्याच्या पातळ चकत्या) मोजा. तुमच्या मिस्त्रीला ओळखत नसतानाही एवढं ठासून बोलतोय, कारण याच गोष्टीपायी माझ्या वडिलांचा हात मोडला होता.

आमचं गाव विट्याजवळ. विहीर सामाईक, इंजिनही सामाईक: किर्लोस्करचं एव्ही-1, 5 एचपी, 1500 आरपीएम, पाण्यावर थंड होणारं. तीन दिवस आमची पाळी, तीन दिवस थोरल्या चुलत्यांची. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. 1993 च्या उन्हाळ्यात इंजिन ओढेना, म्हणून तात्यांनी पंप उतरवून तालुक्याला नेला आणि एलिमेंट (पंपातला डिझेल दाबणारा दट्ट्या) बदलून आणला. मिस्त्रीनं तो दिवेलागणीला बसवला आणि शेवटची एसटी गाठली.

दुसऱ्या दिवसापासून इंजिनचा सूरच बदलला. लोखंडावर हातोडी पडावी तसा ठण ठण आवाज. आमची पाळी आली त्या सकाळी आबांनी, म्हणजे वडिलांनी, हँडल मारलं, लिव्हर (उचलला की सिलिंडरमधला दाब सोडणारा) सोडला आणि इंजिननं उलटा झटका दिला. मनगटाचं हाड मोडलं. ऐन उन्हाळ्यात सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये.

तात्यांचा निकाल भावकीत तासाभरात पोचला: "त्याला हँडल मारताच येत नाही. ऑइल न बघता चालवतो, म्हणून बेअरिंगही घालवलं." मग बेअरिंग बदललं आणि खर्च निम्मा निम्मा झाला. आवाज होता तसाच राहिला. त्यावर तात्यांनी डिझेलमध्ये रेशनचं निळं रॉकेल मिसळायला सुरुवात केली, "जरा मऊ चालेल" म्हणून. रॉकेल डिझेलपेक्षा उशिरा पेट घेतं, त्यामुळे ठोका वाढतोच, वर पंपाच्या एलिमेंटला वंगण मिळत नाही ते वेगळंच.

मी तेव्हा आयटीआयला डिझेल मेकॅनिक करत होतो. दिवाळीच्या सुट्टीत आलो आणि तात्या परगावी गेलेत हे बघून मोजायला बसलो.

पंपापासून नोझलला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीला) जाणारी नळी काढली. पंपाच्या तोंडातला डिलिव्हरी वॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग बाहेर काढून स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवली (फडक्यानं पुसू नका, धागा आत जातो), नुसता होल्डर परत बसवला. रॅक (डिझेल कमी-जास्त करणारा दांडा) चालू स्थितीत ठेवला, म्हणजे टाकीतलं डिझेल आपोआप वर येऊन वाहायला लागतं. आता लिव्हर उचलून फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) चालतं त्याच दिशेनं, अगदी हळू फिरवायचं. धार बारीक होते, थेंब होतात आणि एका क्षणी थेंब थांबतो. तिथंच थांबा, खूण करा. पंपानं तिथून डिझेल दाबायला सुरुवात केली. टीडीसीची (पिस्टन अगदी वर पोचल्याची) खूण येईपर्यंत थेंब थांबलाच नाही, तर तुम्ही दुसऱ्या फेऱ्यात आहात, अजून एक फेरा फिरवा. थेंब थांबायची जागा ओलांडून पुढं गेलात तर चांगलं मागं नेऊन पुन्हा हळू पुढं या, नाहीतर गिअरमधली ढिलाई मापात येते.

अंश मोजायला सुतळी पुरते. आमच्या फ्लायव्हीलचा घेर 1 मीटर 44 सेंटिमीटर भरला, म्हणजे एका अंशाला 4 मिलिमीटर. इंजिनसोबतच्या पुस्तकात टीडीसीच्या आधी 23 अंश दिलेत, म्हणजे थेंब थांबल्याची खूण आणि टीडीसीची खूण यांत घेरावर 92 मिलिमीटर यायला हवे होते. आले 116. 29 अंश! इतक्या लवकर डिझेल पडलं तर सिलिंडरमधली हवा पुरेशी दाबलेली नसते, तापलेली नसते. डिझेल लगेच पेटत नाही, साठत राहतं आणि मग सगळं एकदम भडकतं. तोच तो ठण आवाज. आणि हँडलचा वेग कमी असेल, तर पिस्टन वर पोचायच्या आत भडका उडतो आणि चाक उलटं फिरतं.

इंजिनघराच्या कोनाड्यात मिस्त्रीनं परत दिलेल्या जुन्या मालाची वर्तमानपत्राची पुडी तशीच पडली होती. उघडली. जुन्या एलिमेंटला चिकटून दोन पातळ शिमा. एक पंपाखाली घातली, 104 आले. दुसरी घातली, 92. शीम घातली की पंप वर उचलला जातो आणि डिझेल उशिरा पडतं, काढली की लवकर. वॉल्व्ह बसवला, हवा काढली, हँडल मारलं. धक-धक-धक, जुना आवाज.

तात्या आले, दोन मिनिटं ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "गारवा पडलाय ना, म्हणून आवाज कमी झाला." गार इंजिन उलट जास्त ठोके देतं, तात्या! तेव्हा हे तोंडातून निघालं नाही, म्हणून इथं लिहितोय. आबांना झटका बसला आणि त्यांना नाही, कारण तात्यांच्या हाताला वेग जास्त होता, इंजिन टीडीसी ओलांडून जायचं. ते नशीब. हँडल येण्या-न येण्याचा प्रश्न नव्हता, 24 मिलिमीटरचा होता.

आता तुमचं. पंप उतरवलेला नसता तर आधी हे बघितलं असतं: टॅपेटचा (वॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज हलका, टिकटिक असा असतो आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पट्टीनं) निकालात निघतो. ठोक्यासोबत काळा धूर असेल, तर नोझल गळतंय का ते टेस्टरवर बघून घ्या. बेअरिंगचा आवाज जड, खालून येणारा, आणि लोड आला की वाढतो. चालू इंजिनचा रॅक क्षणभर बंदकडे ओढा. ठोका तिथल्या तिथं गेला तर संशय टायमिंग किंवा नोझलवर घ्या. इंजिन नुसतं फिरत असतानाही वाजत राहिलं, तर मिस्त्रीचं खरं असू शकतं. बेअरिंग कधीच जात नाही असं माझं म्हणणं नाही.

तुम्ही इंजिनचा मेक लिहिलेला नाही. अंश तुमच्या पुस्तकातलेच घ्या, माझे 23 नकोत. आवाज मऊ लागतो म्हणून जास्तीच्या शिमा घालू नका, उशिरा पडलेलं डिझेल धुराड्यात जळतं, इंजिन तापतं आणि ओढत नाही. नोझल बाहेर काढून चालवून बघायची सवय असेल तर हात लांब ठेवा. साधारण 200 बारचा फवारा असतो, कातडीतून आत जातो.

आणि हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याला विळखा घालू नका. आबांनी त्या दिवशी घातला होता. तात्यांचं तेवढं खरं आहे.