‘संमतीने करू’ म्हणत ऑगस्ट उलटू देऊ नका

ताई, तुमचं पत्र जूनच्या शेवटी हाती आलं. नवरा सांगितला पायलट आणि निघाला भलताच, अशी पत्रं मला येतच असतात. कुठे मर्चंट नेव्ही असते, कुठे लष्करातला मेजर. तुमची हकीकत थोडक्यात अशी. लग्न डिसेंबर 2024 मध्ये, स्थळ विवाहाच्या संकेतस्थळावरून आलेलं, मुलगा ‘फर्स्ट ऑफिसर, बेस मुंबई’, म्हणजे मुंबईचा सहवैमानिक. लग्नाआधी ‘ए-320 च्या टाइप रेटिंगला (म्हणजे ते ठरावीक विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाला) पैसे कमी पडताहेत’ म्हणाला आणि तुमच्या वडिलांनी त्याच्या खात्यात 14 लाख भरले. मे 2025 मध्ये विमानतळावर नोकरीला असलेल्या मामेभावाने सांगितलं की या नावाचा कुणी क्रूमध्ये नाही. 12 ऑगस्ट 2025 ला नवऱ्याने व्हॉट्सॲपवर कबूल केलं की तो कधीच पायलट नव्हता. ग्राउंड हँडलिंगमध्ये होता आणि तीही नोकरी लग्नाआधीच गेली होती. गौरी विसर्जनानंतर तुम्ही सांगलीला माहेरी आलात, दिवाळी पाडव्याला चार दिवस पनवेलला सासरी जाऊन आलात. मग भरोसा सेलच्या, म्हणजे पोलिसांच्या कौटुंबिक तक्रार कक्षाच्या, तारखा आणि दोन्हीकडच्या मंडळींच्या बैठका. आता त्यांचे वकील म्हणतात, सप्टेंबरमध्ये संमतीने घटस्फोट करू. तुम्ही विचारता, लग्नच रद्द करून मिळेल का, आणि पुरावे पूर्ण जमल्यावर अर्ज केला तर चालेल का.

सप्टेंबर हा शब्द वाचला आणि मी बाकीचं पत्र बाजूला ठेवलं.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12(1)(सी) खाली, जोडीदाराबद्दलच्या महत्त्वाच्या गोष्टीत फसवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द ठरवता येतं. पण त्याच कलमाच्या पोटकलम 2 मध्ये दोन अटी आहेत. फसवणूक उघड झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज न्यायालयात दाखल झाला पाहिजे. आणि ती कळल्यानंतर तुम्ही स्वखुशीने पती-पत्नी म्हणून एकत्र राहिलेल्या नसल्या पाहिजेत. दिवाणी अपिलात किंवा अर्जात उशीर झाला तर काही प्रसंगी माफीचा अर्ज करता येतो. इथे ती वाट नाही, कारण मुदतीच्या कायद्याच्या कलम 29(3) नेच विवाहाच्या दाव्यांना त्या कायद्यातून बाहेर ठेवलं आहे. भरोसा सेलमध्ये गेलेले महिने, वकिलाची नोटीस, काकांच्या मध्यस्थीच्या बैठका, यांपैकी कशानेही हे वर्ष थांबत नाही. कबुली 12 ऑगस्टची. त्यांच्या वकिलांनी सप्टेंबर का सुचवला असेल, ते तुम्हीच ताडा.

याच कायद्याचं कलम 21-बी सांगतं की नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत असा अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं तारखा पडतात आणि त्याचा जाब कुणी विचारत नाही. तुमचं एक वर्ष मात्र एका दिवसानेही ताणून मिळणार नाही. मला याचा संताप येतो, पण त्या संतापाचा तुम्हाला उपयोग नाही. अर्ज याच महिन्यात गेला पाहिजे.

आता मे महिन्याकडे येऊ, कारण खरी झुंज तिथे होणार आहे. तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘मला मेमध्येच कळलं होतं.’ भरोसा सेलच्या अर्जातही असंच काही लिहिलंय का? तो कागद समोरच्या बाजूकडे जाणारच. मे महिन्यातच फसवणूक कळली असं न्यायालयाने धरलं, तर तुमची मुदत संपून गेली आहे. पण कुणाकडून काही कानावर येणं आणि गोष्ट उघड होणं यांत अंतर आहे. मामेभावाचं ऐकून तुम्ही नवऱ्याला विचारलंत तेव्हा त्याने गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं, मोबाइलवर रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, दाखवलं, दुसऱ्या कंपनीत चाललोय म्हणाला, आणि तुमचा विश्वास बसला; हेही तुमच्याच पत्रात आहे. अर्जात हे घडलं त्याच क्रमाने, तारखांसकट यायला हवं. मे महिना लपवू नका. लपवलेला मे उलटतपासणीत बाहेर आला तर ऑगस्टवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

पाडव्याच्या चार दिवसांबद्दल मी इतका ठाम नाही. कबुलीनंतरचे तीन आठवडे सणावारात आणि धक्क्यात गेले, वेगळ्या खोलीत झोपत होते, हे सांगता येईल आणि पटूही शकेल. माहेरी आल्यावर पुन्हा जाणं समजावणं अवघड आहे. ‘आई म्हणाली, एकदा जाऊन बघ’ ही तुमची सबब मला माणूस म्हणून कळते. न्यायालय तिला संपूर्ण संमती म्हणेल की दबाव, हे पुराव्यावर ठरेल. त्या दिवसांतले मेसेज असतील ते जपा. यापुढे मात्र एक रात्रही त्या घरात राहू नका, कुणीही कितीही गळ घातली तरी.

पायलट नसणं ही ‘महत्त्वाची गोष्ट’ ठरते का? 1976 च्या दुरुस्तीआधी आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने फसवणुकीचा अर्थ फार आखडून लावला होता. वधूची फेफऱ्याची व्याधी लपवली तरी ती फसवणूक मानली नव्हती. दुरुस्तीने दार रुंद केलं, तरी पगार थोडा फुगवून सांगणं आणि आख्खी नोकरीच रचणं यांत न्यायालयं फरक करतात. तुमचं पारडं मला जड वाटतं. त्याच्याजवळ कमर्शियल पायलट लायसन्स असतं आणि फक्त नोकरी नसती, तर मी एवढं म्हटलं नसतं. लायसन्स घेऊन बेकार बसलेली मुलं खरोखरच पुष्कळ आहेत.

राहिला पुरावा, ज्याच्या मागे तुम्ही दहा महिने घालवलेत. विमान कंपनी खासगी माणसाला कर्मचाऱ्याची माहिती सहसा देत नाही, आणि माहिती अधिकाराचा अर्ज खासगीपणाच्या कारणाने फेटाळला जाऊ शकतो. त्याची वाट बघायचं कारणच नव्हतं. अर्ज दाखल झाला की कंपनीला आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, म्हणजे डीजीसीएला, न्यायालयामार्फत समन्स काढता येतं. शिवाय लायसन्स आहे की नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्यानेच ते दाखवावं, असं साक्ष अधिनियमाच्या कलम 109 च्या आधारे म्हणता येईल. तुमच्या हातात कबुलीचे मेसेज आहेत. तो फोन विकू नका, रीसेट करू नका. मेसेजसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, त्याच अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र वकील तयार करतील.

ज्यांच्याकडे असं स्थळ सध्या आलेलं आहे त्यांनी गणवेशातल्या फोटोवर जाऊ नये. 2019 मध्ये दिल्ली विमानतळावर लुफ्थान्साच्या कॅप्टनच्या वेशातला एकजण पकडला गेला, 2024 मध्ये तिथेच सिंगापूर एअरलाइन्सच्या वेशातला. दोघांकडे ओळखपत्रंही होती. मुलाला फॉर्म 16 मागा. पायलटचा पगार बँकेत येतो आणि त्यावर टीडीएस कापला जातो, त्यामुळे नियमित उडणाऱ्याला तो दाखवायला अडचण नसते. डीजीसीएने फेब्रुवारी 2025 पासून पायलटांना इलेक्ट्रॉनिक लायसन्स द्यायला सुरुवात केली आहे. ते डीजीसीएच्या ईजीसीए ॲपमध्ये असतं, समोर बसून उघडून दाखवायला सांगा, स्क्रीनशॉट घेऊ नका. व्यावसायिक पायलटला लागणारी वर्ग 1 ची वैद्यकीय तपासणी चालू आहे का तेही विचारा. आणि टाइप रेटिंगसाठी सासरकडून पैसे मागणाऱ्याला निदान प्रशिक्षण संस्थेचं फीचं पत्र मागा व पैसे थेट संस्थेच्याच खात्यात भरा. तुमच्या वडिलांनी हे विचारलं असतं तर 14 लाख आणि दीड वर्ष दोन्ही वाचलं असतं. मुलीच्या बापाने असं विचारलं की स्थळ हातचं जाईल, ही भीती आपल्या घराघरांतून कधी जाणार?

फौजदारी बाजू त्या मानाने सावकाश पाहता येईल, तरी फार लांबवू नका. लग्न आणि पैसे दोन्ही 1 जुलै 2024 नंतरचे, म्हणून भारतीय न्याय संहिता लागू होते: फसवणुकीला 318(4), तोतयेगिरीला 319(2), आणि ओळखपत्र बनावट निघालं तर बनावट दस्तऐवजाची कलमं. वडील पैशांचे धनी आहेत, तक्रार त्यांनी आरटीजीएसच्या नोंदीसह द्यावी. पैसे परत मिळवण्याचा दिवाणी दावा वेगळा, आणि तिथे मुदतीचा कायदा लागू आहे: फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. न्याय संहितेच्या कलम 69 बद्दल, म्हणजे फसवून ठेवलेल्या शरीरसंबंधाच्या गुन्ह्याबद्दल, तुम्ही विचारलंय. ओळख लपवून केलेलं लग्न त्यात येतं, पण धंदा खोटा सांगणं म्हणजे ओळख लपवणं का, यावर वाद होईल. मी त्यावर विसंबणार नाही. आणि त्याच्या विवाहित बहिणीला आरोपी करण्याचा विचार सोडा. तिने काही केल्याचं तुमच्या पत्रात एक वाक्यही नाही.

अर्ज सांगलीतच करा. पत्नी राहते तिथे दाखल करण्याची सोय कलम 19 मध्ये 2003 पासून आहे. मागणी दुहेरी ठेवा: कलम 12 खाली लग्न रद्द करावं, आणि ते न झाल्यास कलम 13 खाली क्रूरतेच्या कारणाने घटस्फोट द्यावा. म्हणजे मुदतीच्या मुद्द्यावर पहिली मागणी गेली तरी हात रिकामे राहत नाहीत. त्यांना खरोखर संमतीने सुटायचं असेल तर अर्ज दाखल असतानाही तडजोड करता येते. हेच तुमच्या वकिलामार्फत त्यांना कळवा, पण अर्जाचा नंबर पडल्यावर.

वकिलाकडे जाताना लग्नपत्रिका, विवाह नोंदणीचा दाखला, संकेतस्थळावरच्या त्याच्या माहितीची छापील प्रत (ते पान अजून दिसत असेल तर आजच काढा), भरोसा सेलचा अर्ज, वडिलांच्या बँकेचा उतारा आणि तो फोन सोबत न्या. वकील ‘आधी नोटीस पाठवू’ म्हणाले तर त्यांना 12 ऑगस्ट ही तारीख सांगा. तरीही नोटिशीवरच अडून बसले, तर दुसरा वकील करा.